हरवलेलें बटण

नव्याचा स्वीकार करण्यास मन नाखूष असतें, हा मनुष्याचा जुनाच दोष म्हणून सांगितला जातो. आणि संगणकाची नवी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे ज्या प्रणालीच्या आधारानें त्या यंत्राचा सारा व्यवहार चालतो ती, बाजारांत आली कीं तिच्याविरुद्ध उठणाऱ्या ओरडीची वासलातहि याच एका वाक्यानें लावण्यांत येते. 'लोकांना संवय मोडणें जिवावर येतें, दुसरें कांहीं नाहीं', असें जाणते लोक हंसून म्हणतात. मला ही ओरड इतकी हंसण्यावारी नेण्याजोगी वाटत नाहीं. तिच्यांत आळस किती आणि न्याय्य गाऱ्हाणें किती, हें निवडून पाहावें असें पुष्कळ दिवस मनांत होतें.

उदाहरण सर्वांच्या परिचयाचेंच घेतें. मायक्रोसॉफ्ट कंपनीची 'विंडोज ९५' ही प्रणाली २४ ऑगस्ट १९९५ रोजीं निघाली, तेव्हां पडद्याच्या डाव्या खालच्या कोंपऱ्यांत 'स्टार्ट' असें लिहिलेलें एक लहानसें बटण प्रथमच अवतरलें. त्या वेळीं तेंहि नवेंच होतें. लोकांस तें सांपडावें म्हणून 'आरंभ करण्यासाठीं येथें दाबा' अशा अर्थाची सूचना बाणासह शेजारीं दाखविण्याची तजवीज होती. यंत्र बंद करावयाचें तरी 'सुरू' हेंच बटण दाबावें लागे, यावर विनोदहि पुष्कळ झाले. परंतु जुन्या विंडोजमधील 'प्रोग्रॅम मॅनेजर' कंपनीनें त्या नव्या प्रणालींतहि शिल्लक ठेविला होता. ज्याला नवें बटण रुचत नसे त्याला जुन्या दारानें ये-जा करण्याची मोकळीक होती. पुढें सतरा वर्षें तें बटण त्याच कोंपऱ्यांत राहिलें. रंगरूप बदललें, अक्षरें जाऊन नुसतें बोधचिन्ह उरलें. पण जागा ढळली नाहीं.

मग २६ ऑक्टोबर २०१२ रोजीं 'विंडोज ८' आली आणि तें बटण नाहींसें झालें. त्याच्या ऐवजीं सारा पडदा व्यापणाऱ्या रंगीबेरंगी फरशा आल्या. आयपॅड २०१० सालीं निघाल्यापासून बोटानें चालविण्याच्या यंत्रांची चलती झाली होती. त्यांना शोभणारें रूप टेबलावरील संगणकालाहि चढविण्यांत आलें. आतां यंत्र बंद करावयाचें तर माउस उजव्या कोंपऱ्यांत न्यावा, तेथून सरकत येणाऱ्या पट्टींतून 'सेटिंग्ज'मध्यें शिरावें आणि मग बंद करण्याची खूण शोधावी. त्या कोंपऱ्यांत असें कांहीं दडलें आहे, हें सुचविणारी कायमची खूण मात्र पडद्यावर नसे.

कंपनीचा बचाव आंकड्यांचा होता. लोक आपले नित्याचे प्रोग्रॅम खालच्या पट्टीवरच टांचून ठेवतात, त्यामुळें 'स्टार्ट'चा उपयोग कमी होत चालला आहे, असें तिचें म्हणणें. आंकडे खोटे होते असें मी म्हणत नाहीं. पण जुन्या वाड्यांतील अंधाऱ्या जिन्याला धरावयास दोर बांधलेला असे. तरणीं मुलें त्याला हातहि लावीत नसत. दिवसांतून किती जणांनीं दोर धरला याची मोजदाद करून तो सोडून टाकला असता, तर हिशेब बरोबर ठरून घरांतील वडील माणसें मात्र माडीवर जावयाचीं थांबलीं असतीं. उतारवयांत ज्यांनीं संगणक शिकून घेतला त्यांच्याजवळ बहुधा एक वही असते. तींत पायरी-पायरीनें सर्व लिहिलेलें असतें, आणि पहिली पायरी त्या डाव्या कोंपऱ्याचीच.

एकत्र कुटुंबांत याचा अनुभव संगणकावांचूनहि येतो. आमच्या धाकट्या जाऊबाईंनीं एकदां मोठ्या हौसेनें स्वयंपाकघरांतील फडताळ लाविलें. सारखे डबे, त्यांवर नांवांच्या चिठ्ठ्या, वारंवार लागणारें तेवढें पुढें. कोणत्याहि कसोटीस ती रचना पहिलीहून सरस होती. परंतु सासूबाईंची दृष्टि अधू. त्या चिठ्ठ्या वाचीत नसत. त्यांचा हातच डबे ओळखी. दोन दिवस त्या कांहीं बोलल्या नाहींत. तिसऱ्या दिवशीं 'आज तूंच कर गं आमटी', एवढेंच म्हणून त्या ओट्यापासून दूर झाल्या. जाऊबाई चतुर, त्यांनीं त्याच दुपारीं खालची एक फळी पूर्ववत् करून दिली. बाकीचें फडताळ नवेंच राहिलें. दुसऱ्यास न विचारतां आपलें काम आपण उरकण्याची जी ऐट म्हातारपणीं शिल्लक असते, ती अशा बदलांत पहिल्या झटक्यास जाते; आणि तिच्याबद्दल तक्रार करण्याचीहि माणसास लाज वाटते.

ओरड सर्वस्वीं खरी असते असें नाहीं. 'मी ही प्रणाली सोडतों', अशी प्रतिज्ञा करणारे बहुतेक तेथेंच नांदतांना आढळतात. ॲपल कंपनीनें जुलै २०११ मध्यें 'लायन' या प्रणालींत मजकूर सरकविण्याची दिशाच उलटी करून तिला 'नैसर्गिक' म्हटलें, तेव्हांहि गिल्ला झालाच. पण एक खूण काढली कीं जुनी दिशा परत मिळे. मग तो बदल सोसण्यास कठीण गेला नाहीं. लिनक्सच्या जगांत तर तऱ्हाच निराळी. एप्रिल २०११ मध्यें 'ग्नोम ३' नें जुनी मांडणी मोडतांच अर्जेंटिनांतील एका वापरणाऱ्यानें जुनी मांडणी उचलून वेगळी चूल मांडली. तिचें नांव 'माटे'. हें आपल्याकडील आडनांव नव्हे हो! दक्षिण अमेरिकेंत ज्या झाडाच्या पानांचा चहासारखा काढा पितात, त्याचें तें नांव.

विंडोजवाल्यांस अशी मुभा नव्हती. कित्येकांनीं 'क्लासिक शेल' यांसारखे उपरे प्रोग्रॅम घालून आपलें बटण परत मिळविलें. १७ ऑक्टोबर २०१३ रोजीं आलेल्या ८.१ या आवृत्तींत कंपनीनें स्वतःच तें परत दिलें. पण दाबल्यावर दिसत त्या फरशाच! २९ जुलै २०१५ रोजीं 'विंडोज १०' आली तेव्हां कोठें खरी यादी उघडूं लागली.

५ ऑक्टोबर २०२१ च्या 'विंडोज ११' मध्यें तेंच बटण पट्टीच्या मधोमध येऊन बसलें. पट्टीवर प्रत्येक खिडकी नांवानिशीं वेगळी दाखविण्याची सोयहि त्या वेळीं काढली गेली, आणि ओरडीनंतर २०२३ मध्यें परत आली. 'विंडोज १०' चें नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपल्यानें पुष्कळ घरांस ही नवी प्रणाली घेणें भाग पडलें. सुदैवानें बटण पुन्हां डावीकडे नेण्याची सोय तींत आहे. आमच्याकडे नवें यंत्र आलें तें मामंजींच्या पुढें मांडण्यापूर्वींच थोरल्या जाऊबाईंच्या मुलानें एवढें काम उरकून टाकलें होतें. मामंजी रोज सकाळीं चष्मा पुसून पूर्वींप्रमाणेंच वर्तमानपत्र उघडतात. बटण मधोमध असतें, हें त्यांना अद्याप ठाऊक नाहीं.