केकवरचा हत्ती



कार्तिकी पौर्णिमा झाली, चातुर्मास उठला, की आपल्या बीड, माजलगाव, अंबाजोगाई, आष्टी-कड्याकडच्या घरांतून वाढदिवस, बारशी, साखरपुडे सुरू होतात. त्याबरोबर माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो : "भाभी, बिनअंड्याचा केक तर जमला, पण तो सजवायचा कशानं?" आज त्यावरच लिहिते. थोडी कृती आहे, पण बोलायचं आहे ते कृतीच्या पलीकडचं.

केकचं पोट आपण नीट सांभाळतो. मैदा चाळतो, दूध गाळून घेतो, अंड्याऐवजी दही-सोडा घालतो. ओव्हन नसेल तर कुकरची रिंग आणि शिट्टी काढून, तळाशी मीठ पसरून त्यात भाजतो. एवढं सगळं झाल्यावर वर जे चढवतो ते मात्र बाजारातून पुडीत येतं. पुडीवरची अक्षरं मुंगीएवढी असतात, म्हणून आपण हिरवा ठिपका बघतो आणि कात्री लावतो. आपला नियम मोडतो तो बहुतेक वेळा वरच्या त्या अर्ध्या इंचातच.

हिरवा ठिपका खोटा नसतो, पण तो आपल्या नियमांसाठी बनलेला नाही. आपल्या देशाच्या २०२० च्या लेबलच्या नियमांत मांसाहारी पदार्थाची जी व्याख्या आहे, तिच्यातून दूध, मध, मधमाशीचं मेण आणि शेलॅक वगळलेले आहेत. शेलॅक म्हणजे लाखेच्या किड्यापासून मिळणारी राळ. चकचकीत रंगीत गोळ्यांवर आणि चंदेरी मण्यांवर जी चमक असते ती पुष्कळदा तिचीच. पुडीवर ९०४ हा आकडा दिसला तर तो शेलॅक, ९०१ दिसला तर मधमाशीचं मेण. म्हणजे हिरवा ठिपका असूनही आत हे असू शकतं.

आणखी एक आकडा लक्षात ठेवा, १२०. हा कार्माइन नावाचा लाल-गुलाबी रंग, निवडुंगावर वाढणारे कीटक वाळवून, कुटून काढलेला. परदेशातून कुणी आणलेल्या किंवा ऑनलाइन मागवलेल्या सजावटीत तो सापडतो. याच्याशी नावानं मिळताजुळता १२२ म्हणजे कार्मोयसिन, तो कारखान्यात रसायनांपासून बनतो, त्यात कीटक नाहीत. नावं सारखी वाटतात म्हणून आकडा वाचायचा. ४७१ चं तेल वनस्पतीचं असू शकतं, प्राण्याच्या चरबीचंही, तिथे मात्र ठिपका कामाला येतो. जिलेटिन तर सगळ्यांना माहीत आहे, जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढतात. मार्शमेलो, जेली, काही तयार फॉन्डंट यांत ते असतं. त्याऐवजी चायना ग्रास सुचवतात, पण ते समुद्री शेवाळापासून बनतं, म्हणून काही घरांत तेही चालत नाही.

बाकीच्या अडचणी आपल्या आपणच ओळखतो. बटर क्रीम म्हणजे लोणी, ते ज्यांच्या घरी वर्ज्य आहे त्यांनी काय करायचं? खऱ्या व्हॅनिलाच्या अर्कात अल्कोहोल असतं, अमेरिकेच्या नियमात तर किमान ३५ टक्के. गुलाबी रंगासाठी सगळ्या जगाचा सल्ला एकच, बीट घाला. ते कंदमूळ. घट्ट करायला आरारूट सांगतात, तेही मुळापासूनच काढलेलं. वर्खाचं मात्र एक बरं झालं. पूर्वी तो जनावराच्या आतड्याच्या किंवा कातडीच्या थरांत ठेवून कुटत, म्हणून आपण मिठाईवरचा वर्ख काढून टाकायचो. २०१६ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं चांदीचा वर्ख बनवताना कुठल्याही टप्प्यावर प्राणिजन्य वस्तू वापरायला बंदी केली. तरी घेताना विचारून घ्यावं.

एवढं वाचून एखादी म्हणेल, मग केकच नको बाई. मला तसं वाटत नाही. नानकटाई आठवा. सुरतेत डच लोकांच्या बेकरीचा वारसा एका पारशी कुटुंबाकडे आला, तेव्हाच्या खाऱ्या-बिस्किटांत ताडी आणि अंडी असायची, गिऱ्हाईक घेईना, म्हणून ती काढून टाकली आणि त्यातून आपली नानकटाई आली, असं सांगतात. बाहेरची वस्तू आपल्या नियमात बसवून घेणं हे आपल्या लोकांना नवं नाही.

तर माझं सजावटीचं सामान असं. पिवळ्यासाठी केशर किंवा चिमूटभर सुकी हळद. गुलाबीसाठी डाळिंबाचा रस आटवून. तपकिरीसाठी कोको. हिरव्यासाठी पिस्त्याची भरड. सुगंधाला वेलची, जायफळ. क्रीमऐवजी त्याच दिवशीच्या चक्क्याचं घट्ट श्रीखंड : अर्धा किलो चक्का, पाव किलो पिठीसाखर, चाळणीतून दोनदा गाळलेलं. चक्का रात्रभर न टांगता सकाळी जड वजनाखाली दाबते, तीन-चार तासांत उतरतो. आपल्याकडे चैत्रात ऊन चाळिशी गाठतं, महावीर जन्म कल्याणकाला श्रीखंडसुद्धा टिकत नाही. तेव्हा वर मऊ पेढ्याचा पातळ लाटलेला थर आणि त्यावर पिस्ता-केशर एवढंच.

नक्षी काढायला महागडे नोझल लागत नाहीत. स्वच्छ जाड पिशवीचा मेंदीच्या कोनासारखा कोन करा, टोक बारीक कापा. ज्या हातांनी आपण राखीला, लग्नाला मेंदी काढतो, त्या हातांना केकवरची वेल काही अवघड नाही. ठिपक्यांची रांगोळी येत असेल तर केकची कडही येते.

कुकीजसाठी एक वाटी मैदा, पाव वाटी बेसन, दोन चमचे रवा, अर्धी वाटी पिठीसाखर आणि मळेल इतपत तूप, साधारण अर्ध्या वाटीहून थोडं जास्त. बेसन आहे म्हणून यात दही घालू नये, द्विदलाचा प्रश्न येतो. गोळे करायचे, काट्याच्या उलट्या बाजूनं रेघा, मधे पिस्ता. बेकरीच्या भट्टीवर भाजून आणत असाल तर पत्रे आपले न्या, तिथल्या पत्र्यांवर अंड्याचंही भाजलेलं असतं.

आता वेळेचं. ओला केक दुसऱ्या दिवशी वासी होतो, म्हणून भाजणं, सजवणं, खाणं सगळं एकाच दिवसात. डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य बुडतो, जूनमध्ये सातच्या पुढे. मी वाढदिवसाच्या पत्रिकेवर "दुपारी चार वाजता" असं लिहायला लावते. सुरुवातीला ऑफिसातून येणारे पुरुष कुरकुरले, आता रविवार धरतात. कोरड्या कुकीज टिकतात, पण त्यांनाही आपल्या परंपरेत काळ आहे : पावसाळ्यात १५ दिवस, उन्हाळ्यात २०, हिवाळ्यात ३०. डब्यावर तारीख लिहायची.

इथपर्यंत सगळं जिन्नसांचं झालं. आकडे वाचले, पुडी बदलली, की सुटतं. मला खरं सांगायचंय ते आकाराचं.

गेल्या हिवाळ्यात नातवाचा पाचवा वाढदिवस होता. त्याला हत्तीचा केक हवा होता. सूनबाई पुण्याच्या, हात चांगला. तिनं कागदावर आखणी केली, सोंड, कान, कोकोचा डोळा. सगळं शुद्ध सामान. सासूबाई शेजारी माळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "सोंड कोण कापणार?"

सूनबाई म्हणाली, "आजी, पीठ आहे ते."

सासूबाई म्हणाल्या, "यशोधर राजाचा कोंबडापण पिठाचाच होता गं."

ही कथा आपण प्रवचनात ऐकलेली असते. राजा यशोधराला वाईट स्वप्न पडतं. आई म्हणते, देवीला बळी दे. तो नाही म्हणतो, जिवंत प्राणी मारणार नाही. शेवटी मायलेकांत तोडगा निघतो, पिठाचा कोंबडा करू आणि तो कापू. राजा त्याच्यावर तलवार चालवतो. पुढे विषानं दोघांचाही अंत होतो आणि मग मोर, कुत्रा अशा पशुयोनींत दोघं जन्मामागून जन्म भटकतात. आचार्य हरिभद्रसूरींच्या समराइच्चकहेत ही कथा आहे. सोमदेवसूरींनी इ.स. ९५९ मध्ये यशस्तिलक रचलं ते याच राजावर. तो राष्ट्रकूटांचा काळ, आपला मराठवाडाही तेव्हा त्यांच्याच राज्यात होता. श्वेतांबर-दिगंबर दोन्ही घरांत ही कथा सांगतात, आणि सांगणं एकच : रक्त सांडलं नाही, तरी मनानं मारलं होतं.

सूनबाईंना वाईट वाटलं, आणि तिचं म्हणणंही चूक नव्हतं. ती म्हणाली, "राजानं मारायचं म्हणून केलं होतं. हा तर प्रेमानं मागतोय. पाच वर्षांच्या मुलाच्या मनात कुठला बळी?" भाव पाहायचा तर मुलाचा भाव निर्मळच होता. सासूबाईही रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आज नाही त्याच्या मनात. पण ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्या मानेवर सुरी ठेवायची आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, हे आपण त्याला का शिकवायचं?"

मी दोघींच्या मधे उभी होते, हातात श्रीखंडाचा कोन. शेवटी केक गोलच केला. वर पिस्त्याचं गवत, कडेनं केशराची वेल, आणि ताटात केकशेजारी त्याचा लाकडी हत्ती धुऊन पुसून उभा केला. मेणबत्ती फुंकायची नाही हे आमच्याकडे आधीपासूनच आहे, सगळ्यांनी मिळून नवकार म्हटला. नातू आधी हिरमुसला होता. केक कापल्यावर मात्र त्यानं पहिला तुकडा उचलला आणि हत्तीच्या सोंडेपाशी धरला. "आधी त्याला," म्हणाला. सासूबाईंनी काही न बोलता त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

तेव्हापासून आमच्या घरी केकवर प्राणी, पक्षी, बाहुली, माणसाचा चेहरा नाही. हल्ली खायच्या कागदावर फोटो छापून मिळतो, वाढदिवस ज्याचा त्याच्याच चेहऱ्यावरून सुरी फिरते. तोही नाही. दुसऱ्या टोकाला स्वस्तिक, अष्टमंगल, नवकाराची अक्षरं हेही कापायच्या वस्तूवर मी काढत नाही, ती आशातना वाटते. चौदा स्वप्नांच्या कुकीज करण्याची टूम निघाली आहे. मुलांना स्वप्नं पाठ होतात हे खरं, पण त्यांत हत्ती, बैल, सिंह आहेत आणि ते दातांखाली जाणार. मुलांना पाठ करायला कागदावर चित्रं रंगवू द्या.

मग उरतं काय? पुष्कळ उरतं. वेल, बुट्टी, कोयरी, तोरण, ठिपक्यांची रांगोळी, पैठणीचा काठ, जोंधळ्याचं कणीस. आपल्या आज्या-पणज्यांनी ओट्यावर आणि पदरावर जे काढलं त्यातलं निम्मंसुद्धा अजून केकवर आलेलं नाही.

सूनबाईंचा एक प्रश्न अजून घरात आहे. मित्रांच्या वाढदिवसाला सशाचे, मोराचे केक कापले जाणार, तेव्हा हा काय करेल? तोंड वाकडं करून परत आला तर ते मला सशाचा केक कापण्याहून वाईट वाटेल. नियम आपल्यासाठी असतो, दुसऱ्याला तोलायला नसतो. तो तिथे जाईल, टाळ्या वाजवेल, अंड्याचं म्हणून खाणार नाही, आणि घरून नेलेल्या कुकीज सगळ्यांना वाटेल, असं आमचं ठरलंय. जमेल तसं जमेल.

एक शेवटची विनंती. तपस्वींच्या पारण्याला केक आणायची पद्धत काही गावांत सुरू झाली आहे. आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहिलेल्या पोटाला मुगाचं पाणी हवं, आणि अनुमोदनेला सुरी कशाला? त्या दिवशी हात सजावटीसाठी शिवशिवत असतील तर साध्या रेघांच्या नानकटाया करा, चार-चारच्या पुड्या बांधा, वर तारीख आणि सगळे जिन्नस स्वच्छ मोठ्या अक्षरांत लिहा, आणि स्थानकात प्रभावना म्हणून वाटा. घेणारीला चष्मा शोधावा लागू नये.