तव्यावरची भाकरी
गेल्या मार्गशीर्षात आमच्या विवाहास तीस वर्षे पूर्ण झाली. मुले परगावी, मावल्याच्या घरी आम्ही दोघेच. आदिलाबादेस जाऊन हॉटेलात जेवावे, असे मी सुचविले. सौ. म्हणाली, “अहो, पैसे कशाला घालवायचे? आज भाकरी तुम्ही करा.”

तिने पिठले ढवळले; मी ऊन पाण्यात ज्वारीचे पीठ मळले. पहिली भाकरी मोडली. दुसरी फुगली, ती तिच्या ताटात वाढली. पहिला घास घेऊन ती म्हणाली, “सासरी आल्यापासून तव्यावरची ऊन भाकरी आजच खाल्ली.”

आयुष्यभर मराठी शिकविली. पण “तुम्ही बसा, मी मागून जेवते” या तिच्या नित्याच्या वाक्याचा अर्थ त्या रात्री उमगला. वाचकहो, आता रविवारी भाकऱ्या मी थापतो.