निरगाठ आणि सुरगाठ

पेठ वडगावात समुद्र नाही. आम्ही पोहायला शिकलो ते उसाच्या मळ्यातल्या विहिरीत, तोंड बंद केलेला पत्र्याचा डबा कासऱ्याने पाठीवर आवळून. एकदा घाईत आम्ही सुरगाठ मारली. डबा एकीकडे तरंगत गेला, आम्ही दुसरीकडे बुडू लागलो. काकांनी दंडाला धरून वर ओढले आणि त्या दिवसापासून निरगाठीचा दंडक घालून दिला. भिजून फुगलेली ती गाठ मग काठावर विळ्याने कापावी लागे.

हे आठवण्याचे कारण असे, की पन्नाशी उलटल्यावर आम्ही मालवणजवळच्या तारकर्लीला स्कूबा शिकलो आणि आता स्वतःचा साज घ्यायचा आहे. हवेची टाकी, तरंगण्यासाठी फुगवायची पिशवी आणि देह यांना एकत्र बांधणारे पट्टे कसे असावेत, हा प्रश्न आहे.

एक पंथ अखंड पट्ट्याचा. सुमारे पाच सेंटिमीटर रुंदीची नायलॉनची एकच पट्टी धातूच्या पाठफळीतून दोन्ही खांद्यांवरून कमरेशी येते. तिला कडी एकच, कमरेला. जांघेतून जाणारा दुसरा पट्टा साज मानेकडे सरकू देत नाही. जोड कमी, म्हणून दगा देणाऱ्या जागाही कमी. दुसरा पंथ खांद्यांवर सुटणाऱ्या कड्या लावतो. तिथे पट्टे क्षणात सैल करता येतात, पण प्लॅस्टिकची कडी तुटूही शकते.

भाषा शिकवण्यात हयात गेलेल्या आम्हांला अखंड पट्टा मनापासून भावला. अनावश्यक शब्द नसलेल्या गद्यासारखा तो वाटला. काकांची निरगाठच ती!

परंतु आमचा डावा खांदा दोन वर्षांपासून आखडला आहे. सरावात, पाण्यावर तरंगत असताना, तो हात पट्ट्यातून निघेना. सोबत्याने सोडवले. दहा मीटरवर पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, जाड रबरी पोशाख चेपतो आणि काठावर घट्ट असलेला पट्टा खाली सैल पडतो, हे आम्ही पुस्तकात वाचले होते. आपला खांदा मात्र वाचायचा राहिला होता.

अखेर अखंड पट्टाच घेतला, पण डाव्या खांद्यावर तो कापून तेथे धातूची एक कडी बसवून घेतली. शुद्धतावाद्यांना ती खटकेल. गेला आठवडाभर रात्री डोळे मिटून, उजव्या हाताने, आम्ही तीच कडी उघडतो आणि लावतो आहोत.