सरपण आणि जैवभार

चुलीत जे जळते त्याला मराठीत एकच एक नाव नाही. सरपण, जळण, लाकूडफाटा, काटक्या, ढलप्या, गोवऱ्या, तुराट्या, पऱ्हाट्या, चिपाडे, पाचट, भुसा. यातील प्रत्येक शब्दामागे वेगळा हंगाम आहे आणि गोळा करणारे वेगळे हात आहेत. शासकीय मराठीने या सर्वांसाठी ‘जैवभार’ हा एक शब्द घडवला. शब्द व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, टनांत मोजता येतो आणि अंदाजपत्रकात सहज बसतो. आम्ही मराठीचे अध्यापक. त्यामुळे आमचे लक्ष प्रथम शब्दाकडे गेले. परंतु सार्वजनिक पैसा कशासाठी द्यावा आणि जंगल कोणी राखावे, हे दोन्ही प्रश्न या शब्दाच्या पोटात आहेत, असे आता आम्हांस वाटते.

आमच्या वर्गात पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील विद्यार्थी असतात. बोलीतील शब्दसंग्रहाचे काम दिले की त्यांच्या वह्यांत जळणाचे शब्द दाटीने येतात. एका विद्यार्थिनीने सरपणाचे तीन रकाने केले होते: आई रानातून आणते ते, विकत घ्यावे लागते ते, आणि पावसाळ्यासाठी राखून ठेवतात ते. ‘जैवभार’ या शब्दात हे तिन्ही रकाने पुसले जातात.

याच वह्यांत ‘राब’ही असतो. टहाळ, पातेरा, शेण यांचे थर अंथरून उन्हाळ्याच्या अखेरीस जमीन भाजायची आणि पावसाळ्यात तेथे भाताची, नागलीची रोपे तयार करायची, ही सह्याद्रीतील जुनी रीत. राबासाठी फांद्या तोडणे ही वसाहतकालीन वनखात्याला नासाडी वाटे, तर शेतकऱ्याला तो आपला हक्क वाटे. त्या तंट्यांची चौकशी करण्यासाठी १८८० च्या दशकात मुंबई सरकारला आयोग नेमावा लागला होता. फांदी कोणाची, हा वाद इतका जुना आहे.

स्वतंत्र भारतातील एक प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. अपारंपरिक ऊर्जेच्या केंद्रीय मंत्रालयाने २००४-०५ च्या सुमारास ग्राम ऊर्जा सुरक्षा कार्यक्रम हाती घेतला. वीज न पोहोचलेली दुर्गम, बहुधा वनालगतची गावे त्यासाठी निवडली. त्यांत महाराष्ट्रातीलही काही होती. लाकडापासून वायू तयार करून इंजिन चालवणारा गॅसिफायर, सुधारित चुली, बायोगॅस, आणि गावाने करावयाची इंधनवृक्षांची लागवड असा तो संच होता. भांडवली खर्चाचा ९० टक्क्यांपर्यंतचा वाटा सरकारचा होता. एका युनिटला साधारण दीड किलो सुके लाकूड धरले, तर १० किलोवॉटचे यंत्र रोज पाच तास चालवण्यास ७५ किलो, म्हणजे वर्षाला सुमारे २७ टन लाकूड लागते. ही काही जंगल उजाड करणारी मागणी नव्हे. तरीही अनेक ठिकाणी यंत्रे बंद पडली. लाकूड रोज कोणी आणावे, त्याचे तुकडे कोणी करावेत, चालकाला पगार कोठून द्यावा, वर्गणी थकली तर काय, या प्रश्नांना अनुदानात जागा नव्हती. लागवडीतील झाडे वाढण्यास वर्षे लागतात, इंजिनाला मात्र आजच लाकूड हवे असते. पुढे काही गावांत विजेच्या तारा पोहोचल्या आणि यंत्राचे प्रयोजनच सरले. पैसा यंत्र उभे करण्यासाठी होता. ते चालते ठेवणाऱ्या माणसांसाठी नव्हता.

आज प्रमाण बदलले आहे. केंद्राने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमाची एकूण तरतूद १,७१५ कोटी रुपयांची आहे. त्याआधी २०२१ मध्येच कोळशावरील वीजकेंद्रांना जैवभाराच्या गोळ्या मिसळण्याचे बंधन घालण्यात आले. प्रमाण पाच टक्क्यांपासून. आमच्या शहरालगत एकलहऱ्यास वीजकेंद्र आहे. तेथील संचाइतका, २१० मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला, तर दिवसाला ढोबळमानाने तीन हजार टन कोळसा लागतो. त्याचे पाच टक्के म्हणजे दीडशे टन. गावातल्या गॅसिफायरला साडेपाच वर्षे पुरेल इतके जळण एका दिवसात! धोरणाचा भर शेतातील अवशेषांवर आहे, हे नमूद केलेच पाहिजे. पण गोळी एकदा तयार झाली की ती कडब्याची, काडाची की रानातल्या फांदीची, हे डोळ्यांना दिसत नाही.

अवशेष खरोखर नसतातच असेही नव्हे. निफाड-दिंडोरीत एप्रिल आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर द्राक्षाच्या काड्यांचे ढीग पडतात. काही बागायतदार त्या बारीक करून ओळींत अंथरतात. पुष्कळ ठिकाणी त्या बांधावर पेटवल्या जातात. ज्या पेटवल्याच जाणार आहेत, त्यांची वीज झाली तर कोणाचे काय गेले? इरावती कर्वे यांचे पुत्र डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्यातील ‘आरती’ या संस्थेने शेतात जाळल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटाचा कोळसा करून दाखवला आणि त्यासाठी २००२ मध्ये तिला अॅशडेन पुरस्कार मिळाला. तेथेही आरंभ, कोणती वस्तू आज व्यर्थ जळते, या पाहणीपासून होता.

जंगलाची गोष्ट वेगळी आहे. पडलेला ओंडका आपल्याला निरुपयोगी दिसतो. त्यात बुरशी, वाळवी, भुंगेरे नांदतात, तो ओल धरतो आणि अखेर माती होतो. उलट रानभर माजलेली घाणेरी काढली, तर खालच्या रोपांना उजेड मिळतो. म्हणजे जंगलातून काहीच नेऊ नये असे नाही; काय न्यावे, हे जागेवर ठरवावे लागते. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला. त्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत काटक्या-झुडपे आणि खुंटही येतात, आणि सामूहिक वनसंपत्ती राखण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला चालत गेलेल्या शेतकऱ्यांच्या मागण्यांत याच कायद्याची अंमलबजावणी होती. ज्या वस्तूला कायद्याने मालक दिला, तिला योजनेच्या भाषेत बेवारस म्हणता येणार नाही.

म्हणून आमची अपेक्षा माफक आहे. कोणत्याही प्रकल्पाला अनुदान देण्यापूर्वी त्या परिसरातले जळण आज कोण नेते आणि कशासाठी नेते, याची नोंद ग्रामसभेपुढे व्हावी. पैशाचा एक भाग यंत्राऐवजी गोळा करणाऱ्यांच्या मजुरीसाठी आणि दरवर्षी जंगल पाहणाऱ्यांसाठी राखावा. आणि अर्जात ‘जैवभार’ या शब्दाखाली निदान त्या मुलीच्या वहीतले तीन रकाने असावेत.