कळंब्याहून दोन पत्रं

कळंबा, 9 ऑक्टोबर

ती. बाबांस, शि. सा. न.

काल गारगोटी रस्त्याने कळंब्याला पोचले. तलाव भरलाय, कात्यायनीच्या डोंगरांवरचं पाणी यातच उतरतं. पण आधी उसाबद्दल लिहिते.

ज्यांच्याकडे उतरलेय त्या काकांबरोबर सकाळी फडात गेले. त्यांनी एका उसाचा खालचा पाला ओढला, तर पेऱ्यापाशी गुलाबी, पांढरी भुकटी अंगावर घेतलेले जीव दाटीने चिकटलेले. पिठ्या ढेकूण! आपल्या सीताफळावरचा नव्हे, उसावरची जात वेगळी. पण जगण्याची रीत तीच. सोंड खुपसून रस प्यायचा आणि जास्तीचा गोड रस मागून टाकायचा. तो न्यायला काळ्या मुंग्यांची रांग लागलेली. एक मुंगी मिशांनी पिठ्याची पाठ चाचपत होती. थेंब बाहेर आला की लगेच चाटून घ्यायची. या खाऊच्या बदल्यात मुंग्या पिठ्याच्या शत्रूंना हुसकावतात.

"औषध मारलं तर पाल्याच्या आत जातंय कुठं?" काका म्हणाले. शिवाय अंगावर मेणाचा थर.

मला कोकोची आठवण झाली. 1936 साली गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, कोकोच्या फांद्या सुजून झाडं मरताना आढळली. रोग विषाणूचा, आणि तो झाडोझाडी नेणारा पिठ्याच, तिथल्या जातींचा. तिथल्या काही मुंग्या पिठ्यांच्या वस्तीवर काडीकचऱ्याचं छप्पर बांधतात. फवारणी आत पोचत नाही, त्यामुळे रोगी झाडं तोडायची हाच मुख्य उपाय राहिला. आजवर वीस कोटींहून जास्त झाडं गेली. 1940 च्या दशकात सरकारी माणसं शेतकऱ्यांच्या उभ्या बागा तोडत होती. 1948 च्या तिथल्या दंगलींमागे हाही राग होता. वाचताना पोटात कालवतं, बाबा. फळं धरलेलं झाड दुसऱ्याने येऊन तोडायचं!

अभ्यासकांना मग पिठ्याभोवतीचं सगळं गाव तपासावं लागलं: राखणारे कोण, खाणारे कोण, अंगात अंडी घालणारे कोण.

तुमची,
सुमा

कळंबा, 11 ऑक्टोबर

ती. बाबांस, शि. सा. न.

काल फोनवर तुम्ही म्हणालात, "यंदा सीताफळांवर मोठाले पिठ्या दिसतायत, रविवारी फवारतो." कृपा करून थांबा.

इथे परसातल्या जास्वंदीवर असेच "मोठाले" होते. भिंगाने पाहिलं. पाठीवर मेणाचे लांब पांढरे धागे, अगदी पिठ्याचा मोठा भाऊ वाटावा. काडीने डिवचलं तर पिठ्या जागचा हलेना, हा मात्र तुरुतुरु चालू लागला आणि पुढच्या पिठ्याला जबड्यात धरलं. ती क्रिप्टोलिमस भुंगेऱ्याची अळी. मूळ ऑस्ट्रेलियाचा हा भुंगेरा 1898 साली भारतात आणला गेला. मोठा झाला की काळपट अंगाचा, नारिंगी डोक्याचा दिसतो. अळीचं सोंग इतकं हुबेहूब, की शेतकरी तिलाच आधी मारतो.

काकांना 2002 चं साल विसरता येत नाही. सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आला आणि बघता बघता कोल्हापुरात पसरला. पानं काजळीने काळी पडली, लोक पंप घेऊन धावले. पुढे डिफा नावाच्या पतंगाची मांसाहारी अळी आणि मायक्रोमस नावाचा किडा असलेली पानं एका फडातून दुसऱ्या फडात नेऊन ठेवली, आणि मावा आटोक्यात आला. "ज्यांनी औषध थांबवलं त्यांच्याकडंच ह्ये किडं टिकलं," काका म्हणाले. मावा म्हणजे पिठ्या नव्हे, पण शिकवण आपल्या कामाची आहे.

रविवारी एवढंच करा. दहा-बारा झाडांवरचे "मोठाले" काडीने डिवचून बघा. चालले तर ती झाडं फवारणीतून वगळा. खोडांना चिकट पट्टी गुंडाळा, म्हणजे मुंग्या वर चढणार नाहीत; जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटा, नाहीतर तिथून वाट काढतील. पिठ्याने भरलेली फळं तोडून जाळा, बांधावर टाकू नका. भुंगेरे कमी वाटले तर कळवा, परतताना पुण्यात चौकशी करते.

आईला सा. न.

तुमची,
सुमा