सहा हजार मीटरची त्रिज्या

सिम्युलेटरमध्ये रेल्वेमार्ग बांधणारा माणूस नकाशा उघडतो तेव्हा त्याला आधी वळणं दिसतात, गावं नंतर. आमची ताप्ती व्हॅली लाइन तर वळणांसाठीच वाचावी. १९००च्या आगेमागे ती टाकणाऱ्यांनी नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर, धरणगाव अशा बाजारपेठा एका रुळावर आणल्या आणि वाटेतली प्रत्येक नदी सोयीच्या जागी गाठली. बेटावदला पांझरा, अमळनेरला बोरी, जळगावच्या अलीकडे गिरणा. या नद्या दक्षिणेकडून तापीला भेटायला निघालेल्या आणि रूळ पूर्व-पश्चिम धावणारे. पूल आखूड हवा तर नदीला काटकोनात भिडावं लागतं, म्हणून लाइन थोडी वाकते, पूल ओलांडते आणि पुन्हा सरळ होते.

उधना ते जळगाव या ३०६ किलोमीटरांपैकी नंदुरबार-अमळनेर हा तुकडा मी आधी आहे तसा बांधला. साधन ‘ओपन रेल्स’. हा मोफत मिळणारा सिम्युलेटर मायक्रोसॉफ्टच्या २००१ सालच्या ट्रेन सिम्युलेटरचे मार्ग चालवतो. मग डोक्यात किडा शिरला. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं सुरतचं स्टेशन शहराबाहेर अंत्रोलीला उभं राहतंय. तिथून एक फाटा पूर्वेला जळगावकडे काढला तर? मुंबई-नागपूरच्या वेगवान गाडीचा प्रस्ताव नाशिक-संभाजीनगरच्या अंगाने, समृद्धी महामार्गाच्या सोबतीने आखलेला. त्यात खानदेशाला जागा नाही. म्हणजे इथे मोकळं रान होतं. भूसंपादन नाही, मोबदला नाही, कोर्ट नाही. पाहिजे तिथे माउस ठेवावा आणि रूळ ओढावा.

तसं होत नाही. रूळ कुठे जायचा हे वेगच ठरवतो.

जुन्या मार्गावर वळण डिग्रीत मोजतात. एक डिग्री म्हणजे १७५० मीटर त्रिज्या. मुंबई-अहमदाबाद मार्गावर ताशी ३२० किलोमीटरसाठी किमान त्रिज्या ६००० मीटर धरली आहे. वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच ठेवतात, कारण गाडी बाहेर फेकली जाऊ पाहते. प्रमाण रुंदीच्या रुळांसाठी हिशेब असा: वेगाच्या वर्गाला ११.८ने गुणायचं आणि त्रिज्येने भागायचं. ३२० आणि ६००० घातले की उत्तर येतं २०१ मिलिमीटर. एवढी उंची देत नाहीत. गाडी मध्येच थांबली तर माणसं आतल्या बाजूला कलंडतील. १८० देतात आणि उरलेल्या २१ मिलिमीटरचा ओढा प्रवासी अंगावर घेतो, त्याला तो कळतही नाही. जपानने १९६४मध्ये पहिली शिंकान्सेन सुरू केली तेव्हा त्रिज्या २५०० मीटर धरली होती, वेग होता २१०. पुढे वेग वाढवायचा म्हटल्यावर त्याच वळणांनी हात बांधले, आणि आज २८५ गाठायला गाडीचा डबाच वळणावर कलता करावा लागतो. कोवळ्या वयात घेतलेलं वळण रेल्वेला जन्मभर पुरतं.

६००० मीटर म्हणजे काय, हे पडद्यावर ओढल्याशिवाय उमगत नाही. नुसतं ३० अंश वळायला तीन किलोमीटरहून जास्त लांबी लागते. शिवाय सरळ रुळावरून एकदम वळणात शिरता येत नाही, मध्ये हळूहळू घट्ट होत जाणारी संक्रमण-वक्र रेषा लागते. आमच्या जुन्या साधनात ती आयती नाही, म्हणून मी तुकडे जोडतो: आधी २४००० मीटर त्रिज्येचा, मग १२०००, मग ८०००, मग ६०००. सांधा चुकला की चालकाच्या खिडकीतून क्षितिज हिसका खातं. ताशी ६०ने तो सांधा जाणवलाही नसता.

या हिशेबात दोंडाईच्याहून शिंदखेडा आणि तिथून नरडाणा, असं गावोगाव जाणं जमत नाही. एका गावाला स्पर्श केला की दुसरं सुटतं. माझा मार्ग शिंदखेड्याच्या दक्षिणेकडून शेतांवरून निघून जातो.

जमिनीचं काम मला सगळ्यात प्रिय. २०००च्या फेब्रुवारीत एंडेव्हर यानाने रडारने पृथ्वी मोजली, ती उंचीची माहिती आज कुणालाही फुकट मिळते, दर ३० मीटरला एक आकडा. सिम्युलेटरची जमीन २०४८ मीटरच्या चौकोनांची, आत दर ८ मीटरला एक बिंदू. तीसचे आठ करताना मधले आकडे अंदाजाने भरले जातात आणि जमीन इस्त्री फिरवल्यासारखी होते. नाले बुजतात. आणि आमच्या भागाची खरी खूण, काळ्या दगडाच्या त्या लांबच लांब भिंती, त्याही बसतात. भूगर्भवाले त्यांना डाइक म्हणतात. लाव्हा भेगांत शिरून थिजला, भोवतालचा खडक झिजला आणि भिंत उघडी पडली. धुळे-नंदुरबार पट्ट्यात त्या शेकड्यांनी आहेत, बऱ्याचशा तापीला समांतर, पूर्व-पश्चिम. काही दहा-दहा किलोमीटर जातात. रुंदीला मात्र थोडक्या मीटरांच्या, त्यामुळे तीस मीटरच्या जाळीतून निसटतात. त्या मी हाताने उभ्या केल्या. त्या नसतील तर ते धुळे जिल्ह्याचं रान वाटणार नाही, कुठलंही माळरान वाटेल. शिवाय माझी लाइनही पूर्व-पश्चिम असल्याने भिंती आडव्या येत नाहीत, सोबत चालतात.

बुलेट ट्रेनसारखाच माझाही मार्ग बहुतेक उन्नत आहे. शेत दुभागलं जाऊ नये, गुराढोरांना खालून जाता यावं. त्यासाठी ४० मीटरची एक तुळई बनवायची आणि ती ओळीने मांडत जायची, किलोमीटरला २५. खऱ्या कामात अशी एक तुळई ९७० टनांची असते. माझी काही किलोबाइटची.

मात्र उंचावरून गाडी पळताना वेगच वाटत नाही. खालची कपाशी, बाजरी, पपईचे मळे सावकाश सरकतात. वेगाची जाणीव जवळच्या वस्तू देतात, म्हणजे कठडा आणि विजेचे खांब. ३२०ला गाडी सेकंदाला ८९ मीटर जाते. खांब ५० मीटरवर ठेवले तर सेकंदाला पावणेदोन खांब डोळ्यासमोरून जातात आणि तोच या मार्गाचा ताल. जुनी लाइन बांधताना मी स्टेशनातला पाण्याचा नळ घडवण्यात वेळ घालवायचो. इथे रुळाजवळच्या नळाला अर्थ नाही. जमिनीचा २०४८ मीटरचा अख्खा चौकोन २३ सेकंदांत संपतो. इथे लागते दूरची सोनगीरची टेकडी, योग्य जागी आणि योग्य उंचीची.

सिग्नलचं काम उलट सोपं झालं. या वेगात खांबावरचा दिवा वाचता येत नाही, म्हणून शिंकान्सेनमध्ये पहिल्या दिवसापासून वेगाची आज्ञा चालकासमोरच्या फलकावर येते. सेकंदाला ताशी अडीच किलोमीटर वेग उतरवत नेला तरी थांबायला १२८ सेकंद आणि साडेपाच किलोमीटरहून जास्त अंतर लागतं. दिवा बघून ब्रेक मारणाऱ्याचं हे काम नव्हे.

आमच्या आप्पांनी हे सगळं पडद्यावर पाहिलं आणि एकच विचारलं, “गाडी आठे थांबस का?” आठे म्हणजे इथे, शिंदखेड्याला.

त्याचंही गणित आहे. वेग उतरवणं, दारं उघडणं, पुन्हा वेग घेणं यात एका थांब्याला साधारण पाच मिनिटं जातात. अंत्रोली ते जळगाव संपूर्ण मार्ग धरला तर न थांबता तासाभराचा प्रवास. जुन्या लाइनवरच्या पाच बाजारपेठांना थांबे दिले की २५ मिनिटं वाढली. म्हणून शिंदखेड्याला स्टेशन ठेवलं नाही, नरडाण्याला ठेवलं. तिथे मुंबई-आग्रा महामार्ग जवळ आहे, जुनी लाइन आहे, आणि मनमाड-इंदूर रेल्वेमार्गही तिथूनच जायचा आहे. १६ फेब्रुवारी २०१९ला धुळे-नरडाणा टप्प्याची पायाभरणी झाली. नरडाणा शिंदखेडा तालुक्यातच येतं, हे मी आप्पांना सांगून पाहिलं. ते काही बोलले नाहीत. पण निर्णय बदललेला नाही. नरडाण्याच्या स्टेशनात मधले दोन रूळ न थांबणाऱ्या गाड्यांचे, कडेचे दोन फलाटाचे. शिंदखेडेकरांनी जुन्या लाइनच्या पॅसेंजरने नरडाण्याला यावं आणि तिथे गाडी बदलावी. जुन्या आणि नव्या लाइनचे फलाट मी एकमेकांजवळ ठेवले आहेत.

कुणाला हे करून बघायचं असेल तर साधा संगणक पुरतो. मात्र बुलेट ट्रेनपासून सुरुवात करू नका. आधी आपल्या गावावरून जाणारी जुनी लाइन बांधा, तिचं प्रत्येक वळण का आहे ते शोधा, आणि मग सरळ रेघ ओढा.