तीनशे डॉलरचा प्रश्न

सातवं सेमिस्टर सुरू झालं की आपल्या हॉस्टेलवर एक साथ येते. ना ताप, ना खोकला. रोगी फक्त एकच बडबड करत सुटतो... "कुठलं सर्टिफिकेशन करू रे?" मेसच्या रांगेत तेच, गच्चीवर कपडे वाळत घालताना तेच. बरं, एमएस-सीआयटी तर आपण बहुतेक सगळेच दहावीच्या सुट्टीत करून बसलोय!

मी इलेक्ट्रिकलचा. कॅम्पसला घाऊक भरती करणाऱ्या कंपन्या सर्टिफिकेट विचारत नाहीत. ॲप्टिट्यूड घेतात आणि पुढचं ट्रेनिंग स्वतःच देतात. ज्याचं तिथे जमलं त्याने हा लेख सोडून खुशाल कवितांच्या पानावर जावं. मला मात्र नेटवर्कचं काम हवंय आणि त्या जागांसाठी आपल्याकडे कोणी येत नाही. बाहेर अर्ज करायचा तर इलेक्ट्रिकलच्या पोराला नेटवर्क कळतं, हे समोरच्याने कशावरून मानायचं? तेवढ्यापुरता हा कागद उपयोगी. इंटरव्ह्यूच्या खोलीपर्यंत नेतो, पुढे आपलं आपण.

आता कागद कुठला? लायब्ररीत खालच्या कप्प्यात एमसीएसईची जाडजूड पुस्तकं धूळ खात पडलीत. एके काळी म्हणे त्यांच्यासाठी वेटिंग असायचं. मायक्रोसॉफ्टने त्या परीक्षाच ३१ जानेवारी २०२१ ला बंद केल्या. जावाची एससीजेपी सन कंपनीची. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली आणि ते नावही गेलं. म्हणून मी नावांच्या मागे लागणं सोडलं आणि अभ्यासक्रम उघडून वाचायला बसलो.

ए प्लस १९९३ पासून चालू आहे. हार्डवेअर, प्रिंटर, ऑपरेटिंग सिस्टीम, बिघाड शोधणं... विषय छान, पण पेपर दोन आणि फीसुद्धा दोनदा. शिवाय महिनाभर पुण्याच्या जाहिराती चाळल्या, त्यात हे नाव क्वचितच दिसलं. ॲमेझॉनची क्लाऊड प्रॅक्टिशनर म्हणजे ९० मिनिटांत ६५ प्रश्न, फी १०० डॉलर. कुठल्या सेवेला काय म्हणतात हे कळतं, पण हाताने काहीच करून दाखवावं लागत नाही. नेटवर्कच्या कामाला तेवढं पुरेल असं मला वाटलं नाही.

खरा मान मी रेड हॅटच्या आरएचसीएसएला देतो. पर्याय निवडायचे प्रश्नच नाहीत! चालू मशीन समोर ठेवतात आणि कामं सांगतात. केलेलं सगळं मशीन रीबूट झाल्यावरही टिकलं पाहिजे, नाहीतर मार्क गेले. लिनक्सच्या वाटेने जाणाऱ्याने डोळे झाकून हीच घ्यावी. सरावाला रॉकी किंवा अल्मा लिनक्स फुकट मिळतं. (सीनियरच्या नोट्समध्ये सेंटओएस ७ लिहिलंय, पण त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला.)

माझं बोट थांबलं सीसीएनएवर. २४ फेब्रुवारी २०२० पासून तिच्या वेगवेगळ्या शाखा गुंडाळून एकच परीक्षा झाली, २००-३०१. वेळ १२० मिनिटं. पास झालं की तीन वर्षं चालते. सराव पॅकेट ट्रेसरवर, तोही फुकट. राऊटर जोडा, केबल तोडा, काय बंद पडतं बघा. माझ्या जुनाट लॅपटॉपवरसुद्धा नीट चालतं.

अडलं ते फीपाशी. ३०० डॉलर! म्हणजे पंचवीस हजारांच्या वर, कर वेगळा. उन्हाळ्यात मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात काम केलं होतं, त्यातून निम्मे जमले. उरलेले उसाच्या बिलातून. दिवाळीला आबांसमोर विषय काढला. त्यांनी पहिलाच प्रश्न नेमका विचारला, "आन् नापास झालास तर पैसं माघारी मिळत्यात?"

"नाही आबा. परत भरावे लागतात."

"बियाणं उगवलं न्हाई तर दुकानदाराशी भांडता तरी येतंय. हितं त्येबी न्हाई व्हय?"

मी गप्प. मग म्हणाले, "शिकतोयस काय, ते तरी सांग." सांगितलं. २५६ पत्त्यांचा एक पट्टा आहे, चार भावांत वाटला, प्रत्येकाला ६४. पण वापरता येतात ६२च.

"दोन कुठं गेलं?"

"एक त्या तुकड्याच्या नावाला आणि एक सगळ्यांना एकदम हाक मारायला."

"म्हंजी बांधच की! वाटणी केली की बांधाला जागा जातीच. जेवढं तुकडं जास्त, तेवढं बांध जास्त."

साडेतीन वर्षांत सबनेटिंग इतकं सोपं कुणी सांगितलं नव्हतं. (सर, राग नसावा!) आबांनी पैसे दिले, पण "एकदाच" असं बजावून.

आता हॉस्टेलवर फिरणाऱ्या डंप्सबद्दल. परीक्षेतले फुटलेले प्रश्न, उत्तरांसकट. आमच्या विंगमध्ये एकाने मला पेनड्राइव्हच पुढे केला. "पंचवीस हजार पाण्यात घालायचेत का? पाठ कर आणि मोकळा हो." मोह झाला नाही असं नाही, पैसे आबांचे होते. पण एक तर कंपनीला कळलं तर सर्टिफिकेट रद्द होतं. आणि समजा नाही कळलं. इंटरव्ह्यूत समोरच्याने विचारलं, "दोन मशीनमध्ये पिंग जात नाही, आधी काय बघशील?" तर पाठ केलेला 'क' पर्याय तिथे काय कामाचा? केबल, पत्ता, मास्क, गेटवे... हा क्रम हाताला लागतो तो दहा वेळा बिघडवून दुरुस्त केल्यावरच. पेनड्राइव्ह परत दिला. तो अजून माझ्यावर रुसलाय.

ओरल संपल्यानंतरच्या शनिवारची तारीख घेतलीय. तोपर्यंत आमच्या रूमवर रोज रात्री दहानंतर सबनेटिंग चालतं. कुठल्याही ब्रँचचा चालेल, फक्त येताना खुर्ची आपली आपण आणावी. आमच्याकडे दोनच आहेत, आणि एकीचा पाय मोडलाय.

— अंतिम वर्ष, विद्युत अभियांत्रिकी